तपासण्या बंद केल्या आणि व्हेक्टरचा आकारच बदलला

डीबग बिल्डमध्ये, म्हणजे चुका शोधण्यासाठी बांधलेल्या प्रोग्रॅममध्ये, आमचं एक मोठं मॉडेल उघडायला ११ मिनिटं लागायची. रिलीज बिल्डमध्ये, म्हणजे वापरकर्त्यांना द्यायच्या प्रोग्रॅममध्ये, तेच काम ९ सेकंदांत व्हायचं. बग शोधायचा तर प्रोग्रॅम डीबगरखाली चालवायला हवा, आणि चालवला की ११ मिनिटं नुसतं पडद्याकडे बघत बसायचं. त्यात ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्रॅम थांबवायची खूण, एक ओळ पुढे लागला की पुन्हा पहिल्यापासून. एका संध्याकाळी चौथ्यांदा असं झालं आणि मी ठरवलं, या तपासण्या बंद करायच्या.

तपासण्या म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सी++ लायब्ररीतला ‘इटरेटर डीबग लेव्हल’ नावाचा मॅक्रो, बिल्डच्या वेळी ठरवायचा एक स्विच. त्याच्या किमती तीन: ०, १ आणि २. रिलीजमध्ये न सांगता ० असतो, डीबगमध्ये २. पातळी २ वर लायब्ररी प्रत्येक कंटेनरच्या (अनेक घटक ठेवणाऱ्या वस्तूच्या) प्रत्येक जिवंत इटरेटरची (घटकांवरून फिरणाऱ्या खुणेची) नोंद ठेवते. इटरेटर जन्मला की यादीत घाल, मेला की यादी चालत जाऊन त्याला काढ, व्हेक्टर (घटक ओळीनं ठेवणारा, लागेल तसा वाढणारा कंटेनर) वाढला आणि त्याची मेमरी हलली की जुन्या सगळ्या इटरेटरांवर ‘बाद’ असा शिक्का मार. हे सगळं एका लॉकखाली. आमच्या मॉडेलमध्ये प्रत्येक बिंदूला शेजाऱ्यांचा एक छोटा व्हेक्टर आहे, असे लाखो. त्यांच्यावरून फिरणारा प्रत्येक लूप दोन इटरेटर जन्माला घालतो आणि मारतो. ११ मिनिटं जात होती ती इथे.

या तपासण्यांनी मला पूर्वी बरेचदा वाचवलं आहे, हेही सांगायला हवं. लूप चालू असताना त्याच व्हेक्टरमध्ये भर घालण्याची चूक त्या जागच्या जागी पकडतात. एरवी ती चूक महिनाभर दबून राहते आणि भलत्याच फाइलमध्ये क्रॅश होऊन बाहेर येते. त्यामुळे मी त्या बंद केल्या त्या नाइलाजानं, आणि डीबगपुरत्याच.

प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये एक ओळ घातली, मॅक्रोची किंमत ०. पुन्हा बिल्ड लावला आणि लिंकरनं, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनानं, एलएनके२०३८ या एररचा पाऊस पाडला: या फाइलमध्ये मॅक्रोची किंमत ०, त्या फाइलमध्ये २, जुळत नाहीत. आम्ही वापरत असलेल्या स्टॅटिक (लिंक करतानाच प्रोग्रॅममध्ये मिसळणाऱ्या) लायब्रऱ्या पातळी २ वर बांधलेल्या होत्या. सोर्स हाताशी होता, म्हणून त्या एकेक करून ० वर बांधून घेतल्या. दिवस गेला, पण शेवटी लिंक निमूट झाली. मॉडेल ४० सेकंदांत उघडायला लागलं. मी खूश होते.

दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम एका साध्या ठिकाणी कोसळला. दुसऱ्या एका टीमची डीएलएल (प्रोग्रॅम चालताना जोडली जाणारी लायब्ररी) आम्ही वापरतो, तयार बांधलेली, सोर्सशिवाय आलेली. तिला एक स्ट्रक्ट, म्हणजे काही फील्डांचा गठ्ठा, द्यायचा, ती तो भरून परत देते. स्ट्रक्टमध्ये दोनच गोष्टी: आधी दशांश संख्यांचा एक व्हेक्टर, मग एक पूर्णांक. फंक्शन परत आलं, मी व्हेक्टरचा पहिला घटक वाचला आणि शून्य पत्त्यावर ॲक्सेस व्हायोलेशन, म्हणजे आपली नसलेल्या मेमरीला हात लावल्याचा क्रॅश.

डीबगरमध्ये व्हेक्टरवर माउस नेला तर घटकांची संख्या दिसत होती २६८ अब्जांच्या आसपास. असायला हवे होते १२. आधी वाटलं, इनिशियलाइझ न केलेली मेमरी असेल. पण तो कचरा दर वेळी वेगळा असूनही दिसायला सारखाच होता, आकडा त्याच पट्टीतला. शेवटी सहज म्हणून त्याला ८ नं गुणलं, कारण दशांश संख्या ८ बाइटची. गुणाकार सोळाच्या पायात लिहिला आणि तो हुबेहूब हीपमधल्या (प्रोग्रॅमनं मागून घेतलेल्या मेमरीतल्या) पत्त्यासारखा दिसला. तो पत्ता मेमरी विंडोत टाकला. माझ्या १२ संख्या तिथे ओळीनं, जशाच्या तशा बसलेल्या होत्या. डेटा होता, पूर्ण होता. मी चुकीच्या खिडकीतून बघत होते.

झालं होतं ते असं. ६४-बिट बिल्डमध्ये पातळी ० वरचा व्हेक्टर २४ बाइटचा असतो: तीन पॉइंटर, म्हणजे मेमरीतले तीन पत्ते. सुरुवात, शेवट, आणि राखून ठेवलेल्या जागेचा शेवट. पातळी २ वर तोच व्हेक्टर ३२ बाइटचा होतो, कारण सर्वांत आधी आणखी एक पॉइंटर बसतो, इटरेटरांच्या नोंदवहीकडे नेणारा. डीएलएल पातळी २ वर बांधलेली. तिनं ‘सुरुवात’ लिहिली आठव्या बाइटपासून. माझ्या कोडच्या हिशेबानं तिथे ‘शेवट’ असतो. आणि माझी ‘सुरुवात’ जिथे असते ती जागा तिच्या हिशेबानं नोंदवहीची, आणि तिथे मीच घातलेलं शून्य तसंच राहिलं होतं. घटकांची संख्या म्हणजे शेवट वजा सुरुवात, भागिले ८. म्हणजे एक पूर्ण पत्ता वजा शून्य, भागिले ८. म्हणून २६८ अब्ज, आणि म्हणूनच पहिला घटक शून्य पत्त्यावर.

व्हेक्टरमागचा तो पूर्णांकही तिनं माझ्या स्ट्रक्टच्या पलीकडे लिहिला होता, कारण तिच्या दृष्टीनं स्ट्रक्ट ४० बाइटचा आणि माझ्या दृष्टीनं ३२. स्टॅकवरच्या शेजारच्या मेमरीवर तो जाऊन पडला. क्रॅश आधी झाला हे माझं नशीब. तो व्हेक्टर मी लगेच वाचला नसता तर बिघडलेला शेजारी शोधायला आठवडा गेला असता.

लिंकरनं स्टॅटिक लायब्रऱ्यांबद्दल ओरडून सांगितलं, मग इथे गप्प का बसला? कारण पातळीची नोंद ऑब्जेक्ट फाइलमध्ये, म्हणजे एका सोर्स फाइलच्या कंपाइल झालेल्या रूपात, लिहिलेली असते. मायक्रोसॉफ्टनं व्हिज्युअल स्टुडिओच्या २०१० च्या आवृत्तीत लायब्ररीच्या हेडरमध्ये (वापरणाऱ्या प्रत्येक फाइलमध्ये ओढल्या जाणाऱ्या फाइलमध्ये) एक प्राग्मा, म्हणजे कंपायलरला दिलेली सूचना, घातला. तो प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलवर ‘मी अमुक पातळीची’ असा छाप मारतो आणि दोन छाप जुळले नाहीत तर लिंकर अडतो. २००५ आणि २००८ च्या आवृत्त्यांत हेसुद्धा नव्हतं. तेव्हा वेगळे दोन मॅक्रो होते, त्यातला एक रिलीजमध्येही चालू असायचा, वेगासाठी लोक तो बंद करायचे आणि मिसळ झाली की थेट क्रॅश. डीएलएलच्या बाबतीत आजही तीच स्थिती आहे. लिंकरला दिसते ती फक्त डीएलएलची इम्पोर्ट लायब्ररी, आणि तिच्यात फक्त नावं असतात, आकार नसतो.

मी त्या टीमला लिहिलं, की पातळी ० वर बांधलेली एक डीबग डीएलएल द्या. त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं, आणि कारण वाचल्यावर मला ते पटलं. ते ३२-बिट आणि ६४-बिट, डीबग आणि रिलीज अशा चार जोड्या देतात. प्रत्येक नवा स्विच म्हणजे जोड्या दुप्पट, चाचण्या दुप्पट, आणि ‘माझ्याकडे नेमकी कुठली आहे’ हा गोंधळ चौपट. आमच्या ११ मिनिटांसाठी त्यांच्या सगळ्या वापरकर्त्यांवर तो भार टाकणं बरोबर नव्हतं.

या प्रकरणानं माझ्या डोक्यातला प्रश्नच बदलला. आधी मी विचारायचे, तपासणी बंद केली तर किती वेग मिळेल. आता आधी विचारते, हा स्विच फिरवल्यानं एखाद्या वस्तूचा आकार बदलतो का? एखादं फील्ड वाढतं का, एखाद्या फंक्शनचं नाव किंवा खूण बदलते का? बदलत नसेल तर तो निर्णय माझा, माझ्या बिल्डपुरता. बदलत असेल तर तो माझ्या एकटीचा राहत नाही. माझ्या प्रक्रियेत जे जे कोड येणार, त्या सगळ्यांनी तो एकमतानं घ्यायला हवा, आणि ज्यांचा सोर्स माझ्याकडे नाही त्यांचंही मत त्यात येतं. वेग फक्त मला मिळतो आणि न जुळण्याचा त्रास दोन्ही बाजूंना होतो.

मग आम्ही पातळी २ वर परत गेलो आणि आधीच करायला हवं होतं ते केलं, म्हणजे वेळ कुठे जातो ते दाखवणारा प्रोफायलर लावला. सगळा वेळ कोडभर सारखा पसरलेला असेल असं मी धरून चालले होते. तसं नव्हतं. बहुतांश वेळ एका फंक्शनमध्ये होता, शेजाऱ्यांच्या व्हेक्टरांवरून फिरणाऱ्या आतल्या लूपमध्ये. तिथे इटरेटर काढून डेटाचा पॉइंटर आणि संख्या घेतली, मर्यादा लूपच्या बाहेर एकदाच तपासली. शिवाय ती एक फाइल डीबगमध्येही ऑप्टिमाइझ करून बांधायला लागलो. ऑप्टिमायझेशननं आकार बदलत नाही, म्हणून ते एका फाइलपुरतं चालतं (स्टॅकच्या रनटाइम तपासण्या त्या फाइलसाठी काढाव्या लागतात, दोन्ही एकत्र कंपायलर घेत नाही). मॅक्रोची पातळी मात्र एका फाइलपुरती बदलता येत नाही, तिथे लिंकर अडतोच. ११ मिनिटांची २ मिनिटं झाली. ४० सेकंदांची बरोबरी नाही झाली, पण तपासण्या शाबूत राहिल्या आणि ती डीएलएल जशी आली तशी चालली.

आता माझी स्वतःची चूक. ती जास्त लागलेली आहे, कारण तिचा त्रास दुसऱ्यांना झाला.

आमच्या टीमची एक छोटी लायब्ररी आहे, बाहेरचे लोकही वापरतात. तिच्या हेडरमध्ये मी एका क्लासमध्ये एक फील्ड घातलं होतं: ही वस्तू कुठल्या थ्रेडनं (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्यानं) बनवली त्याची ओळख. चुकीच्या थ्रेडनं हात लावला तर असर्ट उडावा, म्हणजे प्रोग्रॅम तिथेच थांबावा म्हणून. असर्ट रिलीजमध्ये नसतोच, मग फील्ड तरी कशाला, असा विचार करून मी ते फील्ड ‘एनडीबग (असर्ट बंद करणारा मॅक्रो) नसेल तरच’ अशा अटीत गुंडाळलं. ८ बाइट वाचवले. तेव्हा हे नीटनेटकं वाटलं होतं.

लायब्ररी आम्ही रिलीज बांधून देत होतो, म्हणजे एनडीबग लावून. वापरकर्ता सीमेक हे बिल्डची आखणी करणारं साधन वापरत होता आणि त्यानं बिल्डचा प्रकार दिलाच नव्हता. सीमेक रिलीजमध्ये एनडीबग लावतं, डीबग माहितीसह रिलीज या प्रकारातही लावतं, पण प्रकार रिकामा सोडला तर काहीच लावत नाही. त्याच्या बाजूला तेच हेडर वाचलं गेलं आणि क्लास ८ बाइटनं मोठा झाला. त्यानं कुठलाही स्विच हातात घेतला नव्हता. मी हेडरमध्ये तो पेरून ठेवला होता आणि त्याच्या बिल्डनं तो नकळत दाबला. दोन दिवस तो स्वतःच्या कोडमध्ये चूक शोधत बसला आणि शेवटी अत्यंत सौजन्यानं आम्हाला लिहिलं. त्या पत्राची मला अजून खंत वाटते.

दुरुस्ती एका ओळीची होती. फील्ड कायम ठेवलं, अट फक्त तपासणीभोवती ठेवली. टीममध्ये एकानं विचारलं, रिलीजमध्ये न लागणारे ८ बाइट का वागवायचे? वस्तू शेकड्यांत असतात, कोटींत नाहीत, म्हणून वागवायचे. कोटींत असत्या तर ते फील्ड मी दोन्हीकडून काढलं असतं आणि नोंद बाहेर एका तक्त्यात ठेवली असती. आकार एकच, वागणं वेगळं, एवढा नियम मी तेव्हापासून हेडरांसाठी पाळते.

हा रस्ता मोठ्या प्रकल्पांनीही धरलेला आहे. पायथनची डीबग आवृत्ती पूर्वी प्रत्येक ऑब्जेक्टला दोन जादा पॉइंटर जोडायची, सगळ्या जिवंत ऑब्जेक्टांची साखळी ठेवण्यासाठी. म्हणून रिलीजसाठी बांधलेले सी एक्स्टेंशन (सी भाषेत लिहिलेले जोड) तिच्यात चालायचे नाहीत, आणि डीबग पायथन वापरायचा तर सगळी एक्स्टेंशन पुन्हा बांधा. २०१९ मध्ये ३.८ आवृत्तीत ती साखळी वेगळ्या स्विचमागे नेली. आता डीबग आणि रिलीज पायथनचे आकार जुळतात, आणि युनिक्स-लिनक्सवर इतर तपासण्या चालू ठेवूनही नेहमीची एक्स्टेंशन वापरता येतात.

जीसीसी या कंपायलरच्या सी++ लायब्ररीत दोन वेगळे मॅक्रो आहेत आणि त्यांच्यातला फरक बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ‘जीएलआयबीसीएक्सएक्स डीबग’ हा जड: कंटेनर बदलतात, आकार बदलतो, ते वेगळ्या नेमस्पेसमध्ये (नावांच्या गटात) जातात. त्यामुळे व्हेक्टर घेणाऱ्या फंक्शनचं नावच बदलतं आणि लिंकर ‘सापडत नाही’ म्हणून अडतो, हे चांगलं. पण व्हेक्टर तुमच्या स्ट्रक्टच्या पोटात असेल तर स्ट्रक्टचं नाव तेच राहतं, लिंक निमूट होते आणि माझ्यासारखी २६८ अब्जांची गोष्ट घडते. दुसरा मॅक्रो ‘जीएलआयबीसीएक्सएक्स असर्शन्स’: मर्यादेबाहेरचा निर्देशांक, रिकाम्या व्हेक्टरचा पहिला घटक अशा स्वस्त तपासण्या, आकाराला हात न लावता. हा एका लायब्ररीत चालू आणि दुसऱ्यात बंद असला तरी आकारावरून मारामारी होत नाही. फक्त एक बाब ध्यानात ठेवावी. हेडरमधलं एकच इनलाइन फंक्शन दोन्हीकडे कंपाइल झालं तर लिंकर त्यातली एक प्रत उचलतो, आणि तपासणी आहे की नाही ते त्या प्रतीवर ठरतं. क्रॅश होणार नाही, पण ‘मी तपासणी चालू केली होती’ असं छातीठोक सांगता येणार नाही.

वेगाची भीती किती खरी, यावर आता मोठ्या प्रमाणावर मोजमाप झालेलं आहे. गूगलनं आपल्या सर्व्हर कोडमध्ये एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाच्या लायब्ररीतल्या मर्यादा-तपासण्या प्रॉडक्शनमध्ये चालू केल्या आणि २०२४ मध्ये सांगितलं, की सरासरी फटका ०.३० टक्के बसला. सी++२६ या भाषेच्या नव्या मानकातही अशा तपासण्या असलेली ‘हार्डन्ड’ लायब्ररी आली आहे. आणि ही मागणी नवी नाही. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९८० च्या ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात सांगितलं आहे, की त्यांच्या अल्गॉल भाषेच्या कंपायलरमध्ये प्रत्येक निर्देशांक तपासला जायचा. वेगासाठी ही तपासणी बंद करण्याची सोय हवी का, असं त्यांनी ग्राहकांना विचारलं, तर सगळ्यांनी एकमुखानं नको म्हणून सांगितलं.

तरी सगळ्या तपासण्या सारख्या नाहीत. ज्या तपासणीनं कामाची पावलंच हजारो पटींनी वाढतात, ती मी रिलीजमध्ये बिनदिक्कत बंद ठेवते. बायनरी सर्च करण्याआधी यादी खरंच लावलेली आहे का, हे पाहायला सगळी यादी चालावी लागते. २० पावलांचं काम दहा लाख पावलांचं होतं, मग बायनरी सर्च कशाला केला? अशा तपासण्या डीबगमध्ये, तेही छोट्या डेटावर. साध्या मर्यादा-तपासणीचं तसं नसतं. एक तुलना, जी जवळजवळ नेहमी एकाच बाजूला जाते आणि प्रोसेसरला त्याची सवय होते. ती बोचते ती एकाच जागी: घट्ट आतल्या लूपमध्ये, जिथे कंपायलरला एका सूचनेत चार-आठ संख्या हाताळायच्या असतात आणि मध्ये बाहेर पडायची वाट असल्यानं तसं करता येत नाही. तिथे तपासणी लूपच्या वर न्यायची. तेवढ्यासाठी जागतिक स्विच कशाला?

गेल्या महिन्यात एका वापरकर्त्यानं आमच्या लायब्ररीची ‘बिनतपासणीची’ बिल्ड मागितली. मी प्रोफाइल मागवलं. एकाच फंक्शनवर वेळ जात होता. मग स्विच न देता त्या फंक्शनला जोडीला दुसरं फंक्शन दिलं, वेगळ्या नावाचं, मर्यादा न तपासणारं, आणि नावातच तसं लिहिलेलं. व्हेक्टरमध्ये कंसानं घटक घ्यायची एक, न तपासणारी रीत आणि ‘ॲट’ची दुसरी, तपासणारी रीत शेजारीशेजारी नांदतात, तसंच. कुठली ओळ तपासली जाते आणि कुठली नाही, ते कोड वाचतानाच कळतं, आणि दोन्ही एकाच बिल्डमध्ये राहतात. त्याला हवा होता तेवढा वेग मिळाला.

दुसरी भर घातली ती सुरुवात करून देणाऱ्या फंक्शनमध्ये. हाक मारणाऱ्यानं आपल्या बाजूचा स्ट्रक्टचा आकार त्याला द्यायचा. ही विंडोजची जुनी रीत आहे, तिथल्या कित्येक स्ट्रक्टांचं पहिलं फील्ड स्वतःचा आकार असतं. आमच्या हेडरमधलं छोटं इनलाइन फंक्शन तो आकार आपसूक भरतं, म्हणून वापरकर्त्याला काही करावं लागत नाही. लायब्ररी आपल्या आकाराशी ताडून पाहते आणि जुळला नाही तर पुढे जातच नाही. हाच बदल मी डीएलएलवाल्या टीमलाही लिहून पाठवला, आणि त्यांनी तो घेतला. नवी डीएलएल आल्यावर मी मुद्दाम आमच्या प्रोजेक्टमध्ये पातळी ० लावून प्रोग्रॅम चालवला. मॉडेल उघडायच्या आधीच तो थांबला आणि लॉगमध्ये एक ओळ आली: अपेक्षित आकार ४०, मिळालेला ३२.